उतारावरील मालमोटारीचे इंजिन : इंधनवापर आणि तापमान

घाट किंवा लांब उतार उतरताना मालमोटारीच्या (ट्रकच्या) इंजिनाचे कार्य सपाट रस्त्यावरील कार्याच्या नेमके उलट होते. एरवी इंजिन चाकांना फिरविते. उतारावर गुरुत्वाकर्षणाने ओढली जाणारी गाडी चाकांमार्फत इंजिनाला फिरविते. या अवस्थेत इंजिनाला इंधनाची गरज उरत नाही आणि ते शक्ती निर्माण करण्याऐवजी शक्ती शोषून घेते. यास इंजिन रोधन किंवा प्रचलित भाषेत 'इंजिन ब्रेकिंग' म्हणतात. उतारावरील इंधनपुरवठा, इंजिनाचे तापमान आणि चाकांच्या ब्रेकचे तापमान या तिन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. त्यांचा मेळ बिघडल्यास अवजड वाहनावरील नियंत्रण सुटण्याचा धोका असतो.

ऊर्जेचा हिशेब

उंचीवर असलेल्या गाडीत स्थितिज ऊर्जा साठलेली असते. गाडी खाली उतरताना तिचा वेग स्थिर राखायचा असेल, तर ही सर्व ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. तिचा काही भाग टायरांच्या घर्षणात व हवेच्या विरोधात जातो. उरलेला भाग चाकांचे ब्रेक, इंजिन किंवा अन्य रोधक साधन यांना उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो.

उदाहरणार्थ, २५ टन एकूण वजनाची मालमोटार ५ टक्के उतारावरून (दर २० मीटरला १ मीटर) ताशी ३० कि.मी. वेगाने उतरत असेल, तर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १०२ किलोवॉट शक्ती पुरवीत असते. या वेगाला टायर व हवा मिळून त्यांपैकी साधारण १५ ते १८ किलोवॉट शोषून घेतात. बाकीच्या सुमारे ८५ किलोवॉटची, म्हणजे जवळपास ११५ अश्वशक्तीची, विल्हेवाट सतत लावावी लागते. वेग दुप्पट केल्यास गुरुत्वाकर्षणाकडून मिळणारी शक्तीही दुप्पट होते, आणि गाडी थांबविण्यासाठी नाहीशी करावी लागणारी गतिज ऊर्जा चौपट होते.

हीच गाडी एकूण ५०० मीटर खाली उतरली, तर मुक्त होणारी ऊर्जा सुमारे १२ कोटी २६ लाख ज्यूल भरते. सामान्य तापमानाचे सुमारे ४०० लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास एवढी उष्णता पुरते.

इंधनपुरवठा

पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा झडपेने कमी-जास्त केली जाते. पारंपरिक डिझेल इंजिनात हवा पूर्ण प्रमाणात आत घेतली जाते आणि शक्तीचे नियमन केवळ फवारल्या जाणाऱ्या इंधनाच्या प्रमाणावर होते. त्यामुळे डिझेल इंजिनात इंधन शून्यावर आणणे सोपे असते.

जुन्या इंजिनांत हे काम इंधनपंपावरील यांत्रिक गतिनियंता (गव्हर्नर) करीत असे. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये डिझेल इंधनपंपांचे मालिका-उत्पादन सुरू केल्यानंतर या प्रकारचे पंप मालमोटारींत सर्वत्र रूढ झाले. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिनाचे फेरे निष्क्रिय गतीपेक्षा (आयडलिंगपेक्षा) जास्त असले, की गतिनियंता पंपाची दांडी मागे ओढून फवारा बंद करतो. आधुनिक इंजिनांत हाच निर्णय इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घेतो. ॲक्सिलरेटरची स्थिती, इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांची नोंद घेऊन तो इंधनाचा फवारा पूर्ण थांबवितो. फेरे निष्क्रिय गतीच्या जवळ आले की इंजिन बंद पडू नये म्हणून फवारा पुन्हा सुरू होतो.

न्यूट्रलविषयीचा समज

उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास डिझेल वाचते, असा समज चालकांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. घाटातील उताराच्या बाबतीत तो चुकीचा आहे. न्यूट्रलमध्ये चाके व इंजिन यांचा संबंध तुटतो. त्यामुळे इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावे लागते. मध्यम आकाराचे मालमोटारीचे इंजिन निष्क्रिय गतीत तासाला साधारण दीड ते दोन लिटर डिझेल घेते. अर्ध्या तासाच्या उतारात हा खर्च पाऊण ते एक लिटर होतो. गाडी गिअरमध्ये असताना इंजिनाला चाकेच फिरवीत असल्यामुळे हाच खर्च शून्य असतो. न्यूट्रलबरोबर इंजिनही बंद केले, तरी इंधनाचा खर्च शून्याखाली जाऊ शकत नाही. म्हणजे जे गिअरमध्ये राहून सुरक्षितपणे साधते, तेच मिळविण्यासाठी गाडीवरील ताबा गमावण्याचा धोका पत्करला जातो.

या समजुतीत तथ्यांश आहे तो केवळ अतिसौम्य उतारापुरता. उतार इतका कमी असेल की गिअरमध्ये गाडी हळूहळू मंदावते आणि वेग राखण्यासाठी पुन्हा इंधन द्यावे लागते, तर इंजिन वेगळे करून गाडी वाहू देणे फायद्याचे ठरते. काही आधुनिक मालमोटारींतील 'इको-रोल' प्रणाली हेच करते. मात्र ही प्रणाली गाडीचा वेग सतत तपासत असते आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच गिअर आपोआप पुन्हा जोडते. २०१२ च्या सुमारास युरोपीय उत्पादकांनी उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व रस्त्यांच्या चढउतारांचे नकाशे यांची जोड देऊन पुढील उतार आधीच ओळखणाऱ्या प्रणाली बाजारात आणल्या. अशी प्रणाली माथ्याच्या थोडे अलीकडेच इंधन कमी करते व उरलेले अंतर गाडी आपल्या गतीवर पार करते.

इंजिनाचे तापमान

चढ चढताना इंजिन पूर्ण शक्तीने, परंतु गाडी कमी वेगाने चालत असते. रेडिएटरवर आदळणारा वारा कमी असल्यामुळे पंख्यावर भार येतो आणि शीतकाचे (कूलंटचे) तापमान वरच्या मर्यादेकडे जाते. टर्बोचार्जरही या वेळी अत्यंत तप्त असतो. माथ्यावर पोहोचताच इंजिन एकदम बंद केल्यास टर्बोचार्जरमधील वंगण तेथेच जळून त्याची राख साचू शकते. म्हणून थांबायचे असल्यास काही मिनिटे इंजिन निष्क्रिय गतीत चालू ठेवण्याची शिफारस केली जाते.

उतार सुरू होताच परिस्थिती पालटते. ज्वलन थांबल्यामुळे उष्णतेचा मुख्य स्रोतच नाहीसा होतो. सिलिंडरांतून केवळ ताजी हवा आत-बाहेर होत राहते आणि ती उष्णता वाहून नेते. शीतकाचे तापमान उतरू लागले की थर्मोस्टॅट झडप बंद होऊन रेडिएटरकडे जाणारा प्रवाह रोखते. ही झडप सामान्यतः ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडणारी असते. क्लचयुक्त पंखाही सुटा होतो. या दोन उपायांमुळे इंजिन गरजेपेक्षा अधिक थंड होण्याची क्रिया मंदावते. तरीही थंड प्रदेशातील लांब उतारावर इंजिन बरेच निवू शकते. फार थंड झालेल्या इंजिनात वंगण घट्ट होते, आणि पुढच्या चढावर फवारा सुरू होताच काही इंधन नीट न जळता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

आधुनिक इंजिनांत निष्कास वायूंच्या तापमानालाही महत्त्व आले आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या बहुतेक अवजड मालमोटारींत नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण घटविण्यासाठी निष्कासमार्गात युरियाचे द्रावण फवारले जाते. त्यासाठीचे उत्प्रेरक सुमारे २०० अंश सेल्सियसखाली नीट काम करीत नाही. इंधनाविना चाललेले इंजिन या मार्गात तुलनेने थंड हवा लोटत असल्यामुळे उत्प्रेरक निवते. ते टाळण्यासाठी नियंत्रक निष्कासमार्गातील झडप अंशतः बंद करून हवेचा प्रवाह कमी ठेवतो.

उतारावर इंजिन नेहमी थंडच होते असे मात्र नाही. पुढे वर्णिलेला द्रवचालित रिटार्डर वापरला, तर गाडीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने इंजिनाच्याच शीतकात येते. अशा वेळी एकही थेंब डिझेल जळत नसताना तापमापकाचा काटा वर चढतो. शीतक ठरावीक मर्यादेपलीकडे तापल्यास नियंत्रक रिटार्डरची शक्ती आपोआप घटवितो. म्हणून रिटार्डर वापरतानाही खालचा गिअर घालून इंजिनाचे फेरे वाढते ठेवावे लागतात. त्यामुळे पाण्याचा पंप व पंखा वेगाने फिरून उष्णता बाहेर टाकतात.

इंजिनाची रोधनशक्ती

इंजिन फिरविण्यास लागणारी शक्ती म्हणजेच त्याची रोधनशक्ती होय. ती दट्ट्या व बेअरिंगांतील घर्षण, हवा आत-बाहेर करण्याचे कार्य आणि पाण्याचा व तेलाचा पंप यांसारखी जोडसाधने यांतून निर्माण होते. फेरे वाढतात तशी ती वाढते. सुमारे ६ लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांना अंदाजे ३० किलोवॉट शोषू शकते; निष्क्रिय गतीजवळ हा आकडा अगदी किरकोळ असतो. खालच्या गिअरचे महत्त्व यातच आहे. गाडीचा वेग तोच ठेवून खालचा गिअर घातल्यास इंजिनाचे फेरे वाढतात आणि त्याचा विरोध चाकांपर्यंत अधिक पटींनी पोहोचतो.

वर दिलेल्या उदाहरणातील ८५ किलोवॉटच्या तुलनेत ही शक्ती अपुरी असल्याने ती वाढविण्यासाठी पुढील साधने वापरली जातात.

निष्कास ब्रेक : निष्कासनळीतील झडप बंद करून वायूंची वाट अडविली जाते. दट्ट्याला या दाबाविरुद्ध हवा बाहेर ढकलावी लागते व त्यामुळे रोध वाढतो. रचना साधी व स्वस्त असल्यामुळे भारतातील मालमोटारी व बसगाड्यांत तो आढळतो.

संपीडन-विमोचक ब्रेक : डिझेल इंजिनात हवा आपल्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. हवा दाबण्यास ऊर्जा लागते. परंतु दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे दट्ट्याला परत ढकलते व ती ऊर्जा बहुतांशी फेडून टाकते. या ब्रेकमध्ये दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या सुमारास निष्कास झडप क्षणभर उघडली जाते. दाबलेली तप्त हवा निसटते, परतफेड होत नाही आणि इंजिन हे ऊर्जा खाणारे संपीडक यंत्र बनते. सुमारे १३ लिटरच्या आधुनिक इंजिनांत या पद्धतीने ३०० किलोवॉटहून अधिक रोधनशक्ती मिळते. हवा झटक्याने सुटल्यामुळे होणारा तडतडाट हे याचे वैशिष्ट्य असून, काही देशांत वस्तीजवळ त्याच्या वापरास मनाई असते.

रिटार्डर : हे गिअरपेटी किंवा प्रेषणदंडाला जोडलेले स्वतंत्र साधन असते. द्रवचालित रिटार्डरमध्ये फिरते चक्र तेलाला स्थिर चक्रावर आपटते व तेल तापते. ही उष्णता शीतकाकडे जाते. विद्युत्‌चुंबकीय रिटार्डरमध्ये धातूच्या फिरत्या तबकडीत भोवरी प्रवाह निर्माण होऊन ती तापते व हवेने थंड होते. या प्रवाहांचा परिणाम फ्रेंच भौतिकीविज्ञ लेआँ फूको यांनी १८५५ मध्ये दाखविला होता.

संपीडन-विमोचक ब्रेकचा उगम

या ब्रेकच्या मुळाशी एक थोडक्यात टळलेला अपघात आहे. अमेरिकेतील डिझेल इंजिन निर्माते क्लेसी कमिन्स हे १९३१ मध्ये डिझेल मालमोटारीतून न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा प्रवास करीत होते. कॅलिफोर्नियातील काहोन खिंड उतरताना गाडीचे ब्रेक तापून निकामी झाले. उताराच्या पायथ्याशी रेल्वेमार्ग रस्त्याला आडवा जात होता व त्यावरून मालगाडी चालली होती. मालगाडीचा शेवटचा डबा पार होताच मालमोटार तेथून निघून गेली व आतील माणसे वाचली. डिझेल इंजिनाचेच रूपांतर रोधकात करण्याचा विचार कमिन्स यांच्या मनात यानंतर घोळत राहिला. १९५५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी तो प्रत्यक्षात आणला. ड्रिल यंत्राच्या पकडींसाठी प्रसिद्ध असलेल्या जेकब्ज कंपनीने १९६१ मध्ये त्याचे उत्पादन हाती घेतले. यावरून त्यास 'जेक ब्रेक' हे नाव पडले. मूळ संकल्पनेचे अमेरिकी पेटंट १९६५ मध्ये मंजूर झाले.

चाकांच्या ब्रेकचे तापणे

बहुतेक भारतीय मालमोटारींत हवेच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक असतात. ते गाडी थांबविण्यासाठी उत्तम असले, तरी सतत दाबून ठेवण्यासाठी नसतात. वरील २५ टनी गाडीला सहा ड्रम असून प्रत्येकाचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि ५०० मीटरच्या उतरणीतील सर्व रोध त्यांनीच केला असे मानले, तर वारा व टायर यांचा वाटा वजा जाता ड्रमांचे तापमान सुमारे ६८० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काही उष्णता वाऱ्याने निघून जाते. पण धोक्याची कल्पना येण्यास हा अंदाज पुरेसा आहे.

ड्रम तापल्यावर दोन गोष्टी घडतात. अस्तराचा (लायनरचा) घर्षणांक घटतो, त्यामुळे तेवढ्याच दाबाला कमी रोध मिळतो. तसेच ओतीव लोखंडाचा ड्रम प्रसरण पावून अस्तरापासून दूर जातो. ४१० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापल्यास त्याचा व्यास एक मिलिमीटरहून अधिक वाढतो. परिणामी ब्रेकची दांडी अधिक सरकावी लागते आणि शेवटी तिची धाव संपते. चालकाने पेडल पूर्ण दाबले तरी ब्रेक लागत नाही. 'ब्रेक फेल झाला' असे ज्यास म्हटले जाते, त्यात अनेकदा कोणताही भाग तुटलेला नसतो. ड्रम निवल्यावर तोच ब्रेक पुन्हा लागू शकतो.

न्यूट्रलमध्ये इंजिनही बंद केल्यास धोका आणखी वाढतो. ब्रेकसाठी हवा भरणारा संपीडक इंजिनावर चालत असल्यामुळे टाकीतील हवा प्रत्येक ब्रेकगणिक कमी होत जाते. स्टिअरिंगला साहाय्य करणारा पंपही थांबतो व चक्र जड होते. वेग वाढल्यानंतर खालचा गिअर पुन्हा घालणे बहुधा शक्य होत नाही, कारण गिअरचक्रांच्या वेगांत फार मोठी तफावत पडलेली असते.

चालविण्याची पद्धत

सुरक्षित उतरणीचे मूलतत्त्व असे की, वेग राखण्याचे काम इंजिनाने करावे आणि चाकांच्या ब्रेकने केवळ पूरक साहाय्य करावे. त्यासाठी पुढील पद्धती सर्वमान्य आहेत.

• उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर घालणे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुना दंडक आहे. आधुनिक इंजिने अधिक शक्तिशाली असल्याने ती वरच्या गिअरमध्येही चढतात. त्यामुळे उतरताना त्याहून खालचा गिअर लागू शकतो.

• ब्रेक सतत हलका दाबून न ठेवणे. ठरविलेला वेग गाठल्यावर ब्रेक ठामपणे दाबून वेग ताशी साधारण ८ कि.मी.ने कमी करावा व पाय पूर्ण उचलावा. वेग पुन्हा वाढल्यावर तीच क्रिया करावी. यामुळे मधल्या काळात ड्रमांना निवण्यास अवधी मिळतो.

• इंजिनाचे फेरे कमाल मर्यादेपलीकडे जाऊ न देणे. इंधन बंद असले तरी चाके इंजिनाला कितीही वेगाने फिरवू शकतात. फेरे अति वाढल्यास झडपा वेळेवर मिटत नाहीत व दट्ट्या त्यांवर आदळू शकतो.

• ओल्या व निसरड्या रस्त्यावर रिटार्डर व इंजिन ब्रेक जपून वापरणे, कारण त्यांचा रोध केवळ चालकचाकांवर येतो व ती घसरू शकतात.

महाराष्ट्रातील घाटरस्ते

सह्याद्रीची पश्चिम बाजू कड्यासारखी उभी असल्यामुळे देशावरून कोकणात उतरणारी अवजड वाहतूक थोड्या अंतरात कित्येकशे मीटर खाली येते. बोरघाट, कसारा, कुंभार्ली व आंबोली हे घाट याची उदाहरणे होत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या घाटभागात मुंबईकडे उतरणाऱ्या वाहनांचे ब्रेक तापून अपघात घडत आले आहेत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा उतारही याच कारणासाठी चर्चेत असतो. हा उतार घाटासारखा नागमोडी नाही. सरळ व लांब असल्यामुळे तो फसवा वाटतो आणि त्याच्या शेवटी शहरी वाहतुकीची दाटी असते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे नियंत्रण सुटलेल्या मालमोटारीची अनेक वाहनांना धडक बसली होती. अशा ठिकाणी गाडी न्यूट्रलमध्ये न चालविण्याच्या व खालच्या गिअरमध्ये उतरण्याच्या सूचना दिल्या जातात. नियंत्रण सुटलेल्या वाहनासाठी रस्त्यालगत खडीचा चढता पट्टा तयार करणे, हाही जगभर वापरला जाणारा उपाय आहे. सैल खडीत चाके रुतून गाडी थांबते.

विद्युत मालमोटारी

विजेवर चालणाऱ्या मालमोटारींत उतारावर चलित्र जनित्राप्रमाणे चालते आणि मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग बॅटरीत परत साठवला जातो. तथापि माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास ही ऊर्जा साठविण्यास जागा राहत नाही. त्यामुळे अवजड विद्युत वाहनांतही जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकणारे रोधक किंवा अन्य पर्यायी ब्रेक यांची तरतूद करावी लागते.

हे सुद्धा पहा

डिझेल इंजिन

ब्रेक

टर्बोचार्जर

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग

बोरघाट